मजूर क्रमांक सतराची नखं

ती आली तेव्हा आम्ही पेटुनियाची रोपं
काळ्या पिशव्यांत भरत होतो.
बर्क्याच्या चौकातल्या गोल बागेसाठी, चार हजार.
रहमा नाव. विद्यापीठातली.
हातात नेलकटर, कागदी पाकिटांचा गठ्ठा,
आणि बोलणं इतकं मऊ की आम्हीच ओशाळलो.

नखं हवी होती तिला. दहाही बोटांची.
वार शनिवार.
शनिवारी नखं कापत नाहीत
हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं?
मी हात पुढे केला.

पाकिटावर तिनं लिहिलं : सतरा.
किती वर्षं? अकरा.
फवारणी कोण करतं? सगळेच, पाळीपाळीनं.
हातमोजे?
सुकुमारन माझ्या मागेच उभा होता,
अर्धी बाटली पाणी उगाच हलवत.
हो, म्हटलं. घालतो.
तसे हातमोजे आहेत.
ऑफिसच्या कपाटात, प्लास्टिक न फोडलेले,
पाहुणे आले की फोटोपुरते निघतात.

जेवता कशानं, हे विचारून ती स्वतःच थबकली.
समोर मोतालेब खताच्या गोणीवर बसून
खुबूस डाळीत बुडवत होता.
चारही बोटं मनगटापर्यंत काळी.

गोणीवर हसरा टोमॅटो असतो.
तो रिकामा झाला की आम्ही त्याची उशी करतो.
खोलीच्या खिडकीलाही तोच लावलाय.
दुपारी साडेबारा ते साडेतीन काम बंद, कायदा आहे, उन्हासाठी.
तेव्हा पडल्या पडल्या मी बघतो :
टोमॅटो आतून उलटा दिसतो
आणि त्याच्यातून येणाऱ्या तिरिपेत
धूळ वर-खाली करत असते.
सोन्यासारखी दिसते, खरंच.
गुलरेज खोकतो. कूस बदलतो. पुन्हा खोकतो.

जाताना रहमा म्हणाली,
नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं.
तुमचे मागचे महिने त्यात साठलेले असतात.
मी अंगठा पाहिला.
टोकाला मार्च. मुळाशी ऑगस्ट.
मध्ये कुठंतरी ती रात्र, जेव्हा पंपाची नळी फुटली होती
आणि मी तोंडानं ओढून हवा काढली होती.

चार महिन्यांनी कागद आला.
सुकुमारननं वाचला, घडी घातली,
उघडून परत वाचला.
आर्सेनिक, कॅडमियम
ही नावं मला औषधांसारखी वाटली.
मग म्हणाला, लेड. शिसा, शिसा.
सत्रा नंबर, थोडा ज्यादा है. लबन पियो.

शिसं म्हटल्यावर कळलं.
हर्णैला बाबा पाग विणायचे.
घेराला शिशाच्या गोळ्या लावायच्या,
तर एकेक गोळी दोरीवर धरून
दातानं चेपायचे.
मी समोर बसून मोजायचो, वाटीतल्या उरलेल्या
तोंडात टाकून गोट्यांसारख्या फिरवायचो,
चव गोडसर.
पुढे त्यांचा हात थरथरायला लागला.
चहा बशीत कमी, मांडीवर जास्त.
आम्ही म्हटलं, वय.
वय एकेचाळीस होतं.

मला डिसेंबरात एकोणचाळीस लागेल.

पाग फेकला की हवेत ताटासारखा उघडतो,
क्षणभर काहीच वजन नसतं त्याला.
मग कड पाण्याला टेकते
आणि शिसं आपलं काम करतं.

मी लबन पितो. रोज एक डबी, शंभर बैसा.
चौकातली पेटुनिया उन्हानं गेली,
परवा ट्रक येऊन उपटून नेली,
आता झेंडू भरतोय. चार हजार.
लेक फोनवर विचारते,
बाबा, तुमच्या हाताला मेंदी कुणी लावली?
मी म्हणतो, मातीनं.
ती हसते. बायको हसत नाही.

फेब्रुवारीत सुट्टी आहे, चाळीस दिवस.
तोवर मुळाशी असलेला ऑगस्ट
टोकाला आलेला असेल.
तो मी घरात कापणार नाही.
विमानात बसायच्या आधी, इथेच,
वार कुठला का असेना.